यात असतं काय?

पेडल म्हटलं की आमच्या पिढीला सायकल आठवते, फार तर शिवणाचं मशीन. त्यामुळे भाचा म्हणाला, "मामा, गिटारला पेडल घ्यायचंय," तेव्हा ही पोरं आता गिटारही पायाने वाजवतात की काय, अशी शंका मला आली. तसं नसतं. गिटारची केबल एका डबीत शिरते, डबीतून दुसरी निघून अ‍ॅम्प्लिफायरकडे जाते आणि मधल्या मुक्कामात आवाजावर संस्कार होतात. हात वाजवण्यात गुंतलेले, म्हणून संस्कारांचं बटण पायाखाली. भाच्याला हवा होता साधा इक्वलायझर, बास-ट्रेबल कमीजास्त करणारा. किंमत ऐकल्यावर माझ्या तोंडून जे वाक्य गेलं, ते आमच्या घराण्यात मिक्सरपासून इन्व्हर्टरपर्यंत प्रत्येक वस्तूला उद्देशून म्हटलं गेलं आहे: "यात असतं काय? घरी करू."

असतं काय ते शोधताना पीटर बॅक्झांडल भेटले. या इंग्रज इंजिनिअरने १९५२ साली 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात बास-ट्रेबलचं एक सर्किट छापलं आणि त्यावर रॉयल्टी घेतली नाही. सर्किटच्या आधीच्या एका आवृत्तीला स्पर्धेत बक्षीस मिळालं होतं, ते म्हणजे एक घड्याळ. पुढे जगभरच्या अ‍ॅम्प्लिफायरांत त्यांचेच दोन नॉब फिरत राहिले. फुकट देणाऱ्या माणसाबद्दल आम्हाला मुळातच आदर. शिवाय सर्किटही सालस. नॉब मधोमध ठेवला की ते काही म्हणजे काही करत नाही. जेवढं आत आलं तेवढंच बाहेर सोडतं.

सामान आणायला बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. टीएल०७२ ही आठ पायांची आयसी, मूठभर रेझिस्टर आणि कपॅसिटर सहज मिळाले. अडलं ते १०० किलोओहमच्या पॉटवर, म्हणजे नॉबखाली फिरणाऱ्या रेझिस्टरवर. मला हवे होते लिनिअर. दुकानदार म्हणाला, "लिनिअर संपलेत, लॉग न्या. फिरतात दोन्ही सारखेच." फिरतात, यात वादच नाही. पण लॉग पॉट बसवला तर नॉबचा मध्य हा सर्किटचा मध्य राहत नाही आणि बॅक्झांडलसाहेबांचा सगळा सालसपणा वाया जातो. हे मी समजावू लागलो तेव्हा मागच्या गिऱ्हाइकाने माझ्या खांद्यावरून हात घालून एलईडीची माळ मागितली.

सगळं जोडून प्लास्टिकच्या साबणाच्या डबीत बसवलं. भाच्याने केबल खोचली आणि अ‍ॅम्प्लिफायरमधून स्वच्छ मराठीत कांद्याचे भाव ऐकू आले. लांब केबल म्हणजे एरियलच. तिने पकडलेली आकाशवाणी आयसीच्या तोंडाशी उलगडली जात होती. भाचा हिरमुसला. माझ्या सासूबाई मात्र म्हणाल्या, "अगदी स्पष्ट येतंय हो! राहू दे असंच." उपाय दोन होते. आयसीच्या तोंडाशी १० किलोओहमचा रेझिस्टर आणि त्यापुढे जमिनीला १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर. म्हणजे रेडिओ बाहेर आणि गिटार आत. दुसरा उपाय धातूचा डबा.

धातूचा डबा स्वयंपाकघरातच असतो. मी वेलदोड्यांचा निवडला. स्टेनलेस स्टीलला भोक पाडणं हे काम ज्यांनी केलेलं नाही, त्यांनी ड्रिलवाल्यांशी घासाघीस करू नये: वेग कमी ठेवायचा, तेल सोडायचं आणि शेजाऱ्यांची नजर टाळायची. डबा तयार झाला आणि झाकणावरचं नाव सगळ्यांनी वाचलं: 'चि. मुकुंदाच्या मुंजीप्रीत्यर्थ'. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, मुंजीचा डबा! त्याला पाय लावायचा?" बराच खल होऊन तोडगा निघाला. भाच्याने दर वेळी पाय ठेवण्याआधी नमस्कार करायचा. हेवी मेटल वाजवणारा, खांद्यापर्यंत केस वाढवलेला तो मुलगा सोलोच्या आधी वाकतो, हे पाहून त्याचा बँड त्याला फार आध्यात्मिक समजतो.

खरा खेळ पुढे सुरू झाला. बासचा नॉब वाढवला की गिटार होती तेवढीच राहायची आणि घरातल्या विजेची ५० हर्ट्झची घरघर तेवढी अंगात आल्यासारखी उसळायची. कारण साधं आहे. मी ४७ नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावला होता. त्याचा जोर पूर्ण लागतो तो ३४ हर्ट्झच्या आसपास, आणि गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली तरी ८२ हर्ट्झच्या खाली उतरत नाही. म्हणजे ज्या मजल्यावर गिटार राहतच नाही, तिथे मी रोषणाई केली होती. २२ नॅनोफॅरडचा लावल्यावर तो जोर ७२ हर्ट्झवर आला आणि तार भरून वाजू लागली.

इथे थांबायला हवं होतं. पण सोल्डरिंग गन तापलेली असताना कुणी थांबत नाही, आणि मत नसलेला माणूस आमच्या घरात नाही. "किंचित कर्कश होतंय का?" ही म्हणते. "बास घशातून नको, पोटातून यायला हवा," असं खालच्या मजल्यावरचे निवृत्त तबलजी जिन्यातून ओरडून सांगतात. बँडमधला एक तज्ज्ञ डोळे मिटून ट्रेबल हळूहळू फिरवत "आता आवाजाला ऊब आली" म्हणाला, तेव्हा पायाचं बटण बंद होतं आणि गिटार थेट अ‍ॅम्प्लिफायरला जात होती. मी काही बोललो नाही. ऊब आली असेल, तर बॅटरीही न वापरता आली, हे चांगलंच.

खर्चाचं म्हणाल तर ड्रिलची बिट्स, वेलदोड्यांसाठी नवा डबा आणि रिक्षाभाडं धरून दुकानातलं पेडल स्वस्त पडलं असतं. तरीही कुणाला करायचंच असेल तर सर्किट माझ्याकडून घेऊन जा, बॅक्झांडलांप्रमाणे मीही पैसे घेणार नाही. एकच सांगतो: यात वेगळा स्विच नसतो, गिटारची केबल खोचली की बॅटरी जोडली जाते. म्हणून वाजवून झालं की केबल काढत जा. नाहीतर पुढच्या आठवड्यात नवी बॅटरी आणावी लागेल.