एक ते चारचा अपटाइम

रविवार पेठेतल्या होलसेल दुकानात हिंजवडीचा एक मुलगा समजावत होता, "काका, तुमचा डेटा क्लाउडवर जाईल."

काकांनी खातेवहीतून मान वर केली. "म्हणजे कुठे?"

"सर्व्हरवर."

"कुणाच्या?"

"कंपनीच्या."

"म्हणजे दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर, भाड्याने. मग तसं सांग की!"

(मायक्रोसॉफ्टने २०१५ साली हा ढग थेट पुण्यातच आणून ठेवला. पाऊस बारमाही, पण बिलांचा.)

पुढे अपटाइम निघाला. ९९.९ टक्के. काकांनी कॅल्क्युलेटर ओढला. वर्षाकाठी पावणेनऊ तास बंद!

"एवढंच? आमचा तेवढा कोटा तीन दुपारींत संपतो."

मुलगा एसएलएवर, म्हणजे सेवेच्या हमीच्या करारावर आला, तेव्हा एकला पाच मिनिटं कमी होती. काकांनी शटरला हात घातला.

"ते चारनंतर."