चाणक्य कुठल्या पानावर म्हणाला?

व्हॉट्सअॅपवर रोज सकाळी चाणक्य बोलतो. कधी पैशाबद्दल, कधी शत्रूबद्दल, बहुतेकदा बायकोबद्दल. हे तो कुठे म्हणाला, असं विचारलं की पाठवणारे काका रुसतात. काकांना माफ आहे. पण एम.ए.च्या निबंधातही ‘चाणक्य म्हणतात की’ एवढ्यावर भागत असेल, तर म्हैसूरची गोष्ट सांगणं भाग आहे.

1905 साली तिथल्या प्राच्य ग्रंथालयात तंजावरकडच्या एका पंडिताने ताडपत्रांची पोथी आणून दिली. (त्याला सगळे ‘तंजावरचा पंडित’च म्हणतात, या प्रकरणात श्रेय बुडालेला पहिला माणूस तोच.) ग्रंथपाल शामशास्त्रींनी ओळखलं की हे कौटिल्याचं, म्हणजे आपल्या चाणक्याचंच, अर्थशास्त्र. 1909 मध्ये त्यांनी ते छापलं. मूळ ग्रंथ कित्येक शतकं डोळ्यांआड होता, पण जुन्या संस्कृत ग्रंथांतले साक्षीदार शाबूत होते. दंडीने उल्लेख केला होता, मल्लिनाथाने टीकेत नाव घेऊन वचनं दिली होती आणि बाणाने, शिव्या घालताना का होईना, कौटिल्याचंच नाव घेतलं होतं. या मंडळींनी ‘एके ठिकाणी म्हटले आहे’ असं मोघम लिहिलं असतं, तर शामशास्त्रींचं काम फारच अवघड झालं असतं.

खुद्द कौटिल्यही या बाबतीत चोख. मंत्री कोणाला करावं? भारद्वाज म्हणतो, सहाध्यायांना. विशालाक्ष म्हणतो, छे, बरोबर खेळलेले राजाला जुमानत नाहीत. अशी सात आचार्यांची मतं नावानिशी मांडून झाल्यावर हा गृहस्थ स्वतःचं तोंड उघडतो. आमचे विद्यार्थी सातही मतं उचलतात आणि वर ‘माझ्या मते’ लिहितात.

यूजीसीच्या 2018च्या नियमांनुसार प्रबंधात 10 टक्क्यांपर्यंत साम्य निघालं तर शिक्षा नाही. झालं! तेव्हापासून ‘राजा’चा ‘नृप’ होतो, ‘प्रजे’ची ‘रयत’ होते आणि आकडा साडेनवावर आणला की पेढे वाटले जातात. गंमत म्हणजे, श्रेय देऊन घेतलेलं अवतरण त्याच नियमांनुसार साम्यात धरायचंच नसतं. म्हणजे दोन अवतरणचिन्हं आणि एक नाव टाकलं की सुटका. पण आम्ही रात्रभर समानार्थी शब्दकोश चाळणार.

बरं, हे साम्य मोजणारं यंत्र पकडतं फक्त सारखे शब्द. संदर्भ खोटा आहे की खरा, हे त्याला कळत नाही. न वाचलेल्या पुस्तकाचं न पाहिलेलं पान बिनधास्त ठोकून द्या, साम्य शून्य टक्के!

अर्थशास्त्राचा पत्ता तर किती सोपा. मुंबई विद्यापीठाने 1960 मध्ये काढलेली र. पं. कंगले यांची चिकित्सक आवृत्ती उघडा : अधिकरण, अध्याय, सूत्र. तीन आकडे लिहिले की जगातल्या कुणालाही ती ओळ सापडते.

तेव्हा मार्गदर्शक मंडळी, टक्केवारीच्या दाखल्यावर सही करण्याआधी प्रबंधातला कुठलाही एक संदर्भ निवडा, ग्रंथालयात जा आणि ते पान उघडून बघा.