पाहुणे जपानी, दुभाषी घरचा

चाकणच्या कारखान्यात जपानी पाहुणे यायचे ठरले, की दुभाषी शोधायचे काम ते विमानात बसल्यावरच हाती घ्यावे. आधी घेतल्यास चांगला माणूस मिळण्याचा धोका असतो.

प्रथम नात्यात पाहावे. पुण्यातल्या घराण्यात एखादी भाची जपानी शिकलेली असतेच. तिला 'एन-थ्री झालंय का?' एवढेच विचारावे. जपानी भाषेची ही परीक्षा जुलै आणि डिसेंबरात होते, आणि तीत तोंड उघडावे लागत नाही. फक्त वाचायचे आणि ऐकायचे. पोहण्याची लेखी परीक्षा पास झालेल्याला विहिरीत ढकलावे तसे हे. पण भाची घरचीच, बुडाली तरी बोभाटा होत नाही.

भाची परगावी असल्यास जपानी मॅन्युअलचा अनुवाद करणाऱ्यालाच बोलवावे. भाषा तीच, मग फरक तो काय? एवढाच, की अनुवादक एका शब्दापाशी दोन दिवस बसतो, कोश उघडतो, चहा पितो, खोडतो, रात्री काही सुचले म्हणून उठून पुन्हा लिहितो. दुभाष्याजवळ खोडरबर नसतो. एक वाक्य तोंडातून पडत असताना पुढचे कानात शिरत असते. त्यात जपानीचे क्रियापद शेवटी येते. साहेब माल घेणार की नाकारणार, हे इंग्रजीत सांगणाऱ्याला वाक्य संपेपर्यंत श्वास रोखून बसावे लागते. मराठीत सांगणारा तेवढा सुखी, कारण आपलेही क्रियापद शेवटीच. पण बैठकीत मराठी आपल्यालाच कमीपणाची वाटते.

पैशांचे बोलताना 'शब्दाला किती?' असे विचारावे. दुभाषी दिवसाचे घेतो म्हणाल्यास दचकावे. कानाला यंत्रे लावून, बोलणे चालू असतानाच सांगायचे असेल तर तो जोडीदारही मागेल. दर २०-३० मिनिटांनी दोघे आळीपाळीने बोलतात, कारण त्यापुढे डोके शिजते. 'मग दुसरा नुसता बसणार?' हे अवश्य विचारावे. तो शेजारी आकडे आणि नावे टिपून देतो, हे ऐकून घेऊ नये.

विषयपत्रिका आधी देऊ नये; ती गोपनीय असते.

इतर कामे मात्र सांगावीत. १६७४ साली शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला रायगडावर आलेल्या इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडनबरोबर नारायण शेणवी हा दुभाषी होता. नजराण्याची हिऱ्याची अंगठी त्यानेच उंच धरली, तेव्हा महाराजांचे लक्ष गेले. एवढी जुनी परंपरा असल्यावर प्रोजेक्टर जोडायला कुणाची हरकत असू नये.

बैठकीत पाहुणे 'हाय, हाय' म्हणतील. भाची सांगेल, 'हो म्हणतायत.' वास्तविक ते फोनवरच्या आपल्या 'हं, हं'सारखे: ऐकतोय, पुढे बोला. उठताना ते 'केन्तो शिमासु' म्हणतील. 'विचार करतो म्हणाले,' भाची सांगेल, शब्दशः अचूक. कांदेपोहे खाऊन 'कळवतो' म्हणत चपला घालणारी मंडळी ज्याने पाहिली आहेत, त्याला तरी हे कळायला हवे. पण तोवर आपण पेढे वाटलेले असतात.