पाय काढण्याचा अधिकार

विजेची गाडी घेतली की लोक विचारतात, एका चार्जिंगमध्ये किती जाते आणि बॅटरी गेली तर किती लाखांना पडेल. उजव्या पायाची चौकशी कोणीही करत नाही. चहा घ्या, सविस्तर सांगतो.

गाडी चालवणाऱ्याच्या पायाला आजवर तीन अवस्था होत्या. ॲक्सिलरेटर दाबला की गाडी पळायची, ब्रेक दाबला की थांबायची आणि दोन्हींवरून पाय उचलला की आपल्या वेगाने पुढे सरकत राहायची. ठाणे जिल्ह्यातलं निम्मं ड्रायव्हिंग या तिसऱ्या अवस्थेत चालतं. मानपाडा रोडवर पुढची रिक्षा वळणार आहे की वळण्याचा नुसता विचार करतेय, हे कळेपर्यंत आपला पाय उचललेला असतो. काटई नाक्याच्या अलीकडे रांग सरकतेय की तुंबलीय, याचा अंदाज येईपर्यंतही उचललेलाच. तेवढ्या वेळात माणूस काही ठरवत नाही, फक्त बघतो.

एक-पेडल ड्रायव्हिंगने ही अवस्था रद्द केली. त्यासाठी हरकती आणि सूचना मागवल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. पाय उचलला की मोटरच जनित्र बनते, चाकांच्या फिरण्यातून वीज काढते आणि बॅटरीत भरते. त्या ओढीने गाडी मंदावते, काही गाड्या तर पूर्ण थांबतात. म्हणजे पाय दाबला तर हुकूम, आणि पाय काढला तरी हुकूमच. काहीच न करण्याची सोय गाडीत शिल्लक ठेवलेली नाही.

आमच्या गाडीत या ओढीच्या शून्य ते तीन अशा पातळ्या आहेत. शोरूममधला मुलगा म्हणाला होता, ‘सर, तीनवर ठेवा, ब्रेकला पाय लावावाच लागत नाही.’ ते खरं आहे. पण गाडी एकसारखी चालवायची तर पेडल पूर्ण दाबून चालत नाही, पूर्ण सोडून चालत नाही, अर्धवट दाबून अधांतरी धरावं लागतं. घरडा सर्कलपासून शीळ फाट्यापर्यंत, मेट्रोच्या कामाच्या पत्र्यांना खेटून, घोट्याला एका क्षणाची विश्रांती नाही. ब्रेक पॅड जास्त टिकतात हे सगळे सांगतात. त्यांची झीज कोणाच्या खात्यात वर्ग झाली, हे कोणी सांगत नाही.

मग गतिरोधक घ्या. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे तो ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, ताशी २५ किलोमीटरने सहज ओलांडता यावा. आपल्याकडे गतिरोधक ज्याच्या दारासमोर असतो त्याच्या मनाप्रमाणे होतो. पेट्रोलच्या गाडीत पाय काढला की गाडी त्यावरून घरंगळत जाई. आता पाय काढला की गाडी गतिरोधकाच्या अलीकडेच थबकते. दाबला की विजेच्या मोटरचा सगळा जोर एकदम लागतो. माथ्यावर घाबरून पाय काढला की ती माथ्यावरच उभी. मागे बसलेल्या सासूबाई दर वेळी देवळात वाकल्यासारख्या पुढे येतात. परवा टिळक रोडला त्या शांतपणे म्हणाल्या, ‘जावईबापू, रिक्षानेही चाललं असतं.’

त्या निदान आतल्या. बाहेरच्या मागच्याचं काय? ब्रेक दाबला की मागचा लाल दिवा लागतो, एवढ्या एका करारावर रस्त्यावरचा परस्परविश्वास उभा आहे. इथे तर ब्रेक दाबलेलाच नसतो. युरोपात लागू असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या नियमाने यावर तोडगा काढला आहे: पाय काढल्यावर वेग दर सेकंदाला सेकंदी १.३ मीटरपेक्षा जास्त उतरत असेल तर दिवा लागलाच पाहिजे, ०.७ च्या आत असेल तर लागता कामा नये, आणि मधल्या पट्ट्यात गाडी बनवणाऱ्याची मर्जी. आता हा मधला पट्टा आमच्या मागून दीड हातावर येणाऱ्या रिक्षावाल्याला समजावून कोणी सांगायचा?

एवढ्यावर भागलं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण गाडीचा स्वतःचा नियमही रोज सकाळी बदलतो. रात्रभर सोसायटीत चार्जिंग करून बॅटरी शंभर टक्के भरली, की नव्या विजेला आत जागाच उरत नाही. मग बऱ्याच गाड्यांत ती ओढ कमी होते किंवा नाहीशी होते. काल संध्याकाळी पाय काढताच थांबणारी गाडी आज सकाळी पार्किंगच्या उतारावर पाय काढला तरी निवांत चालत राहते. थोडं अंतर कापलं, थोडी जागा झाली, की पूर्ववत. उपाय म्हणून जाणकार सांगतात, ऐंशी टक्क्यांवर थांबा. म्हणजे घेतलेल्या बॅटरीचा पाचवा हिस्सा आपणच रिकामा ठेवायचा.

हे तंत्र नवं आहे म्हणून थोडं सहन करा, असंही मला ऐकवलं जातं. कल्याणकराला हे सांगू नये. १९२८ च्या सुमारास जीआयपी रेल्वेने घाटासाठी डब्ल्यूसीजी-१ ही विजेची इंजिनं आणली. लोक त्यांना खेकडा म्हणत. घाट उतरताना ती वीज परत तारेत सोडत आणि त्याच वेळी चढणाऱ्या गाडीला ती कामी येई. आजच्या लोकलही ब्रेक लावताना वीज परत देतात. मोटरमनच्या हातात तर असा दांडा असतो, की तो सुटला तर गाडीला आपोआप ब्रेक लागतो. पण मोटरमनला स्वतंत्र रूळ दिलेत, मागच्या डब्यात गार्ड दिलाय आणि पुढे काय वाढून ठेवलंय हे सांगणारा पिवळा सिग्नल दिलाय. फडके रोडला उलट्या बाजूने स्कूटर येण्याआधी मला कोणी पिवळा दाखवतं का?

घरातही या पातळ्यांवरून रोज तह करावा लागतो. बायको गाडी शून्यावर चालवते, मी दोनवर. किल्ली हातात घेतली की आधी मागच्या चालकाने काय ठेवून दिलंय ते तपासायचं. आणि मेव्हण्याची पेट्रोलची गाडी चालवायची वेळ आली तर सर्वांत कठीण. सवयीने पाय काढून वाट बघत बसलं, तर ती गाडी थांबत नाही. हा विनोदाचा विषय नाही.

चीनने याची दखल घेतली आहे. १ जानेवारी २०२६ ही तारीख घालून तिथे जे नवं मानक आलं, त्यानुसार मूळ सेटिंगमध्ये नुसता पाय काढल्याने गाडी पूर्ण थांबता कामा नये. ज्याला तसं हवं, त्याने ते स्वतः निवडावं. माझी मागणी याहून लहान आहे. निवडलेली पातळी गाडीने लक्षात ठेवावी, आज ओढ किती मिळणार ते निघण्याआधीच ठळक अक्षरांत सांगावं, आणि मागच्या दिव्याचा नियम विकतानाच कागदावर लिहून द्यावा.

हे होईपर्यंत पत्रीपुलावर पुढे हिरव्या नंबरप्लेटची गाडी दिसली, तर कृपा करून दोन हात जास्त अंतर ठेवा. आत बसलेल्याने ब्रेक लावलेला नसेल, त्याने फक्त पाय काढलेला असेल.