विमानाचं शेपूट, गाडीची मिजास

आमच्या गावाच्या नावाला शेपूट आहे. नुसतं 'ओझर' म्हटलं की समोरचा हात जोडून विचारतो, "विघ्नहराचं का?" मग सांगावं लागतं, "नाही हो, ते जुन्नरकडचं. आमचं ओझर मिग." मिग म्हणजे मिकोयान आणि गुरेविच, दोन सोव्हिएत विमान-रचनाकार; त्यांच्या विमानांचा कारखाना आमच्याकडे. बाणगंगेचं पाणी त्यांनी कधी चाखलं नसेल, पण त्यांची आद्याक्षरं आमच्या पत्त्यात घरजावयासारखी बसली आहेत. 26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला मिग-21 ला समारंभानं निरोप दिला गेला. विमान निवृत्त झालं, जावई अजून सासरीच आहेत.

हे सगळं आठवलं ते कॅडिलॅकमुळे.

गावाजवळच्या 'दहावा मैल'ला चहा घेताना एका पोरानं मोबाइल पुढे केला. 2026 च्या मोसमापासून फॉर्म्युला वनच्या शर्यतीत कॅडिलॅकचा संघ उतरला आहे. अमेरिकेतली सगळ्यात मिजासखोर गाडी! शेजारी एक निवृत्त फिटर बसले होते. त्यांनी चष्मा वर करून एकच प्रश्न विचारला, "इंजिन कुणाचं?" पोरगं जरा चाचरलं. इंजिन फेरारीचं. "म्हणजे वरात यांची आणि घोडा पाहुण्यांचा," असं म्हणून ते पुन्हा चहाकडे वळले.

आयुष्यभर मायक्रोमीटर हातात धरलेल्या माणसाला नावाचं कौतुक नसतं. आणि कॅडिलॅकच्या बाबतीत तर नावात पहिल्यापासूनच पाणी आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्सहून अमेरिकेत गेलेला अंत्वान लोमे नावाचा एक बहाद्दर. बाप छोट्या गावातला साधा न्यायखात्यातला माणूस. पण समुद्र ओलांडला, तिकडे खानदान विचारणारं कोणी नाही, हे पाहून यानं स्वतःला 'द ला मोथ कॅडिलॅक' ही सरदारकी बहाल करून घेतली. ढालीवरचं राजचिन्हही स्वतःच जुळवलं. याच गृहस्थानं 1701 मध्ये डेट्रॉइट वसवलं. दोनशे वर्षांनी डेट्रॉइटच्या मोटार कंपनीनं त्याचं नाव आणि ते घरगुती राजचिन्ह, दोन्ही उचलून गाडीच्या नाकावर लावलं. आपल्याकडे मागच्या काचेवर 'सरकार' आणि 'राजे' लिहून घेणाऱ्यांना उगाच हसू नका. त्यांनी निदान रेडियमचे पैसे स्वतः दिलेले असतात.

नाव असं उसनं. माल मात्र सुरुवातीला चोख होता, आणि तो चोख होता तो एका हट्टी म्हाताऱ्यामुळे.

तसं पाहिलं तर ही आधी हेन्री फोर्डची कंपनी. 1902 मध्ये भांडवलदारांशी फाटलं आणि फोर्ड आपलं नाव घेऊन बाहेर पडला. मागे राहिलेल्यांनी कंपनी मोडीत काढायचं ठरवलं आणि यंत्रांचा भाव काढायला हेन्री लेलँड या अचूक कामासाठी नावाजलेल्या कारागीर-कारखानदाराला बोलावलं. लेलँडनं भाव काढला आणि वर सल्ला दिला की विकू नका, माझ्याकडे एक इंजिन आहे, ते घालून गाड्या करा. भंगाराचा भाव काढायला आलेला माणूस कारखान्याचा कारभारी होऊन बसला. असा मूल्यमापक आमच्या सहकारी साखर कारखान्यांना कधी भेटला नाही. आमच्याकडे उलट्या दिशेनं प्रवास होतो.

1908 मध्ये इंग्लंडच्या रॉयल ऑटोमोबाइल क्लबनं तीन कॅडिलॅक घेतल्या, पार खोलल्या, सुट्ट्या भागांचा ढीग करून एकमेकांत मिसळला आणि त्या ढिगातून पुन्हा तीन गाड्या जोडायला सांगितलं. कानस लावायची नाही, ठोकाठोक करायची नाही. गाड्या जोडल्या गेल्या आणि ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर पाचशे मैल धावल्या. क्लबनं ड्यूअर ट्रॉफी दिली. त्या काळात गाडीचा प्रत्येक भाग त्याच गाडीपुरता घासून-पुसून बसवलेला असे, म्हणून याचं अप्रूप. आणि या गाड्या काही राजेशाही नव्हत्या, एका सिलिंडरच्या होत्या. फिटरकाकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मान डोलावली. "यातलं एक जरी माप सूतभर चुकलं असतं तर गाडी तिथंच बसली असती," म्हणाले. सूत हा शब्द त्यांनी शिवीसारखा वापरला. जिथं थाऊच्या, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाच्या हिशेबात काम चालतं, तिथं सूत म्हणजे सुतारकी.

1909 मध्ये जनरल मोटर्सनं कंपनी विकत घेतली. 1912 मध्ये कॅडिलॅकनं विजेचा स्टार्टर बसवला आणि हँडल मारायची पीडा गेली. हँडल उलटं फिरून ज्यांचे हात मोडायचे त्यांना ही कुठल्याही राजचिन्हापेक्षा मोठी श्रीमंती वाटली असणार. आमच्याकडे पुढची कित्येक दशकं थंडीच्या सकाळी ट्रकचा क्लीनर हँडल मारतच होता, तो भाग वेगळा.

लेलँडची पुढची गोष्ट तर अस्सल भाऊबंदकीची. पहिल्या महायुद्धात त्याला विमानाची इंजिनं करायची होती. मालकांशी बिनसलं, म्हातारा बाहेर पडला आणि 1917 मध्ये त्यानं विमान-इंजिनांसाठी लिंकन कंपनी काढली. युद्ध संपलं, इंजिनांची मागणी संपली, मग त्याच कारखान्यात लिंकन मोटार केली. पैसे बुडाले. 1922 मध्ये ती कंपनी लिलावात ऐंशी लाख डॉलरला घेतली कुणी? हेन्री फोर्डनं. वीस वर्षांपूर्वी ज्याच्या खुर्चीवर लेलँड बसला होता त्यानं. काही महिन्यांतच लेलँड पिता-पुत्र दाराबाहेर. म्हणजे अमेरिकेच्या दोन्ही मिजासखोर गाड्या एकाच म्हाताऱ्यानं जन्माला घातल्या आणि दोन्ही घरांतून तो पाहुण्यासारखा निघाला.

मग 1930. शेअर बाजार कोसळून जेमतेम दोन-अडीच महिने झालेले, आणि कॅडिलॅकनं सोळा सिलिंडरची गाडी बाजारात आणली. मुहूर्त काढणारे गुरुजी कोण होते कळत नाही. आमच्या खंडेरावाच्या यात्रेत चंपाषष्ठीला बारागाड्या ओढतात, त्यात निदान गाड्या भरलेल्या असतात. इथं सोळा सिलिंडर आणि गिऱ्हाईक शून्याकडे.

मंदीत कॅडिलॅक बंदच व्हायची होती. वाचवली कुणी, ते पीटर ड्रकरनं लिहून ठेवलं आहे. कंपनीचा दंडक होता की काळ्या माणसाला गाडी विकायची नाही. गाडीला काळा रंग चाले, गिऱ्हाइकाला चालत नसे. पण निकोलस ड्रेश्टाट हा सर्व्हिस विभागाचा प्रमुख रोज पाहत होता की दुरुस्तीला गाड्या घेऊन येणारे काळे डॉक्टर, गायक, मुष्टियोद्धे कमी नाहीत. ते गोऱ्या माणसाला दलाली देऊन त्याच्या नावावर गाडी घेत. ड्रेश्टाटनं वरिष्ठांना विचारलं की ही दलाली आपण का सोडायची? विक्री खुली झाली, धंदा सावरला आणि 1934 मध्ये ड्रेश्टाट कॅडिलॅकचा प्रमुख झाला. माणुसकी नाही सुचली, खतावणी सुचली. पाणवठ्याच्या बाबतीत आपल्याला खतावणीसुद्धा सुचली नव्हती.

आता आमच्या गावाशी नातं सांगणारा भाग. 1941 मध्ये जनरल मोटर्सच्या रचनाकारांना डेट्रॉइटजवळच्या लष्करी तळावर लॉकहीडचं पी-38 हे नवं लढाऊ विमान लांबून पाहायला मिळालं. दोन शेपटांचं विमान. पोरं वेडी झाली. युद्ध संपल्यावर 1948 च्या कॅडिलॅकच्या मागच्या कोपऱ्यांवर दोन छोटे उंचवटे आले. ती विमानाची शेपटं. लोकांना आवडली. मग दर वर्षी शेपूट वाढत गेलं, आणि 1959 ला अशी वेळ आली की गाडी कुठे संपते आणि शेपूट कुठे सुरू होतं ते कळेना. त्यात रॉकेटच्या जाळासारखे दोन-दोन लाल दिवे.

विमानाला उभं शेपूट असतं ते दिशा धरून ठेवायला. गाडीला ते कशाला, हा प्रश्न फिटरकाकांनी विचारलाच. मी म्हटलं, शेजाऱ्याला दाखवायला. ते म्हणाले, "मग ते शेपूट नाही, तुरा आहे."

तुऱ्याचे दिवस फार टिकले नाहीत. 1973 नंतर पेट्रोल महागलं, जर्मन आणि जपानी गाड्या आल्या, आणि कॅडिलॅकनं 1982 चं मॉडेल म्हणून सिमरॉन नावाची गाडी काढली. ही मुळात शेवरोलेची साधी कॅव्हेलियर. बिल्ला बदलला, कातडी आसनं घातली, किंमत चढवली. लेलँडच्या गाड्यांचे भाग एकमेकांत मिसळले तरी चालत होते, हा पराक्रम होता. इथं अख्ख्या गाड्याच एकमेकांत मिसळल्या. गिऱ्हाइकानं ओळखलं. 1988 मध्ये सिमरॉन गेली.

त्याच सुमारास दुसरी तऱ्हा. 1987 च्या अलांते मॉडेलचे सांगाडे इटलीत ट्युरिनला बनत आणि बोइंग 747 मध्ये एका खेपेला 56 भरून डेट्रॉइटला येत. कारखान्याचा पट्टा अर्ध्या जगावर पसरलेला. 1993 मध्ये तेही संपलं. विमानानं माल नेण्याचं आम्हाला नवल नाही, ओझरच्या धावपट्टीवरून शेळ्या-मेंढ्या विमानात बसून आखातात गेल्या आहेत. त्यांच्या बाबतीत निदान परतीच्या खर्चाचा प्रश्न नव्हता.

2014 मध्ये साहेबांना वाटलं की ब्रँडला डेट्रॉइटची हवा मानवत नाही. मुख्यालय न्यूयॉर्कला हलवायचं ठरलं, फॅशनवाल्यांच्या वस्तीत. चार वर्षांत परत फिरायचा निर्णय झाला. कारखाना निफाड तालुक्यात आणि साहेब वांद्र्याला, हा प्रयोग आपल्या लोकांनी कमी वेळा केलेला नाही.

महाराष्ट्राशी या घराण्याची सोयरीक जुनी. जनरल मोटर्सनं 1928 मध्ये मुंबईत शिवडीला गाड्यांची जोडणी सुरू केली. स्वतंत्र भारताच्या सरकारनं सांगितलं की नुसती जोडणी पुरे, इथं बनवा नाहीतर निघा. 1954 मध्ये कंपनी निघाली. पुन्हा आली, 2008 मध्ये तळेगावला कारखाना टाकला आणि डिसेंबर 2020 मध्ये तोही बंद केला. आता तो ह्युंदाईचा आहे.

पण खरी गंमत वालचंद हिराचंदांची. सोलापूरचा माणूस, 1939 मध्ये अमेरिकेला गेला तो मोटारीचा कारखाना काढायच्या खटपटीत. परतीच्या प्रवासात गाठ पडली विल्यम पॉली या विमानवाल्याशी. डिसेंबर 1940 मध्ये बंगळुरूला हिंदुस्तान एअरक्राफ्ट उभी राहिली. गाडी आणायला गेला आणि विमान घेऊन आला! 1942 मध्ये सरकारनं कंपनी ताब्यात घेतली. वालचंदांनी हात झटकले आणि 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढून कुर्ल्याला क्रायस्लरच्या डॉज, डिसोटो, प्लिमथ जोडायला घेतल्या. इकडे त्या विमान कंपनीतून आणि मिगसाठी काढलेल्या सरकारी कंपनीतून 1964 मध्ये हिंदुस्तान एरोनॉटिक्स झाली आणि ओझरचा मिग कारखाना तिच्या पदरात आला. तेव्हा यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री, आणि नाशिकनं 1963 मध्ये त्यांना बिनविरोध लोकसभेत पाठवलेलं. जुनी मंडळी या दोन गोष्टी एका श्वासात सांगतात, मी फक्त श्वास मोजतो.

वालचंदांचं आणखी एक देणं याच जिल्ह्यात, मालेगावकडचं रावळगाव. तिथली गोळी चघळली नाही असं पोर नाशिक जिल्ह्यात शोधून सापडणार नाही. 2024 मध्ये त्या गोळ्यांची नावं आणि कृती रिलायन्सनं 27 कोटींना घेतली. जमीन, इमारती, यंत्रं कंपनीकडेच राहिली. लेलँडला यंत्रांचा भाव काढायला बोलावलं होतं, आता यंत्रांचा भाव कोणी विचारतच नाही.

चहा संपला तेव्हा वरून आवाज आला. ओझरला विमानाचा आवाज आला की कोणी मान वर करत नाही, पण काकांनी केली. तेजस होतं की दुसरं काही, मला उन्हात दिसलं नाही. 17 ऑक्टोबर 2025 ला इथंच जोडलेलं पहिलं तेजस मार्क-1ए उडालं, तेव्हापासून काका मान वर करतात. पोरानं आता डाव साधला. "काका, याचं इंजिन कुणाचं?"

काकांनी पेला खाली ठेवला. इंजिन अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकचं आहे, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक. 83 विमानांसाठी 99 इंजिनांची मागणी 2021 मध्ये नोंदवली. त्यातलं पहिलं इंजिन हाती पडलं मार्च 2025 मध्ये.