सहा फुटी समुद्र

बडोद्याला समुद्र नाही, असं भूगोलाचं पुस्तक म्हणतं. बडोदेकरांना ते कधी फारसं पटलेलं दिसत नाही. संस्थान होतं तेव्हा द्वारका-ओख्याकडचा सगळा ओखामंडळाचा किनारा गायकवाडांचा होता. राजधानी इथे विश्वामित्रीच्या काठी आणि समुद्र तिकडे सौराष्ट्राच्या पार टोकाला. पण आपला म्हटल्यावर त्याची चौकशी नको का करायला? बडोदे सरकारने जेम्स हॉर्नेल नावाच्या जीवशास्त्रज्ञाकडून तिथल्या सागरी जिवांचा रीतसर अहवाल लिहवून घेतला. पहिला भाग १९०९ साली निघाला, दुसरा १९१६ साली. कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये निळ्या देवमाशाचा सत्तरेक फुटी सांगाडा आहे. हा देवमासा १९४४ साली महीच्या मुखाशी वाहून आला होता. शाळेच्या सहलीत त्याच्या बरगड्या मोजायचा प्रयत्न केला नाही, असा बडोद्याचा मराठी माणूस मला अजून भेटायचा आहे. आमच्या प्रतापनगर स्टेशनातून जंबुसरची नॅरोगेज सुटायची तेव्हा तिच्यात बसलेला माणूस समुद्राच्याच दिशेने निघालेला असे, भले ती गाडी त्याला वाटेत शेंगा सोलून संपवण्याइतका वेळ देवो. जंबुसरच्या पुढे कावी-कंबोईला स्तंभेश्वर महादेव आहे. तिथे भरती दिवसातून दोनदा पिंडीला बुडवून जाते आणि ओहोटी लागली की भक्त दर्शनाला उतरतात.

तेव्हा रेल्वेतून निवृत्त झाल्यावर मी घरात समुद्र आणायचं ठरवलं, यात बडोद्याच्या परंपरेला सोडून काही नव्हतं, असं माझं म्हणणं. हिचं म्हणणं थोडक्यात होतं. “लोक रिटायर झाले की समुद्राकडे जातात. समुद्राला घरी बोलावत नाहीत.”

गोड्या पाण्याचे मासे आमच्याकडे पूर्वी होते. ते पोळीचे तुकडे खाऊनही जगले. खाऱ्या पाण्याचा मामला वेगळा आणि त्यातही प्रवाळाचा टँक म्हणजे अगदीच वेगळा. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच अशी काचेची पेटी ऐकायला फार मोठी वाटत नाही. पण तिच्यात पावणेसातशे लिटर पाणी मावतं, म्हणजे नुसतं पाणीच पावणेसातशे किलो. जाड काच, लोखंडी स्टँड, आतले दगड, खालची दुसरी टाकी हे धरलं तर टनाचा हिशेब. घरांच्या स्लॅबला चौरस मीटरला साधारण दोनशे किलोचा भार धरतात. आमचं घर तळमजल्यावर आहे म्हणून समुद्र आला. वरच्या मजल्यावर असतो तर तो केव्हातरी खालच्यांकडे गेला असता.

लहानपणी मुंबईच्या मामाने मरीन ड्राइव्हचं तारापोरवाला मत्स्यालय दाखवलं होतं. १९५१ सालचं ते मत्स्यालय. त्याला खरं सुख होतं ते पत्त्याचं, समोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे समुद्र. आमच्या समोरच्या रस्त्यापलीकडे किराणा दुकान आहे. खंबातचं आखात तसं जवळ, पण त्यात मही, नर्मदा, साबरमती, तापी या सगळ्या आपापला गाळ आणून ओततात आणि दहा-दहा मीटरची भरती तो खाली बसू देत नाही. प्रवाळाला ऊन लागतं. त्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, ते उन्हावर अन्न शिजवतं आणि घरमालकाला वाटा देतं. गढूळ पाण्यात हा व्यवहारच बंद. म्हणून गुजरातचे प्रवाळ कच्छच्या आखातात, पिरोटन बेटाच्या आसपास, जिथे १९८२ साली सागरी राष्ट्रीय उद्यान झालं. आमच्या वाट्याला किराणा दुकान.

दुकानदाराला वाटलं, पाणी खारं करायचं तर मीठ त्याच्याकडचंच लागणार. गुजरात देशाचं तीन चतुर्थांशाहून अधिक मीठ पिकवतं. दांडी इथलीच. भावनगरला १९५४ पासून मिठावर संशोधन करणारी राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. अशा राज्यात राहून मी परदेशातून येणारी मिठाची बादली मागवली, तेव्हा आईने माझ्याकडे खाल्ल्या मिठाला न जागणाऱ्याकडे बघतात तसं पाहिलं. गोष्ट अशी की समुद्राच्या मिठात सोडियम आणि क्लोराइड मिळून सुमारे ८५ टक्के. मिठागरवाले नेमकं तेवढं स्फटिकरूपात काढून घेतात आणि मॅग्नेशियमवालं कडू पाणी मागे सोडतात. प्रवाळाला हवं असतं ते त्या उरलेल्या १५ टक्क्यांतलं: मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि नावं घ्यायला जीभ वळत नाही असं बरंच काही. लिटरला ३५ ग्रॅम या दराने वीसेक किलो मीठ लागलं. दुकानदार अजून मला पाहिलं की विचारतो, “काका, पेलुं फॉरेनवाळुं मीठुं वधारे खारुं होय?”

पाणीही साधं चालत नाही. आमच्या बोअरच्या पाण्यात इतके क्षार की गिझर दर हिवाळ्यात संप करतो. म्हणून आधी आरओ लावून पाण्यातलं असेल नसेल ते सगळं काढायचं आणि मग त्यात विकतचं मीठ घालायचं. हिच्या मते हा प्रकार सरकारी आहे. आरओतून जे पाणी वाया जातं त्यावर मात्र तिने पहिल्या दिवसापासून हक्क सांगितला. ओटा, अंगण, संडास त्यावर धुतले जातात. घरात समुद्र आल्याचा एवढा एक फायदा ती पाहुण्यांना सांगते.

समुद्र कितीतरी कामं फुकट करतो, हे मला बिलं यायला लागल्यावर कळलं. लाट म्हणजे दोन पंखे, काचेला लोहचुंबकाने चिकटलेले, आळीपाळीने फिरणारे. सूर्य म्हणजे निळसर एलईडी, सकाळी हळूहळू चढणारा आणि संध्याकाळी उतरणारा. किनाऱ्यावर लाटांचा फेस जमतो ना, ज्याला आपण नाक मुरडतो, तो समुद्राचा केर काढण्याचा प्रकार असतो. पाण्यातली सेंद्रिय घाण बुडबुड्यांना चिकटून वर येते. त्यासाठी एक उंच नळकांडं आणलं. ते दिवसभर फसफसतं आणि वरच्या पेल्यात चहाच्या रंगाचं, अत्यंत दुर्गंधी पाणी जमवतं. तो पेला रिकामा करण्याचं काम घरात कोणाला द्यायचं यावर चर्चा झाली नाही. मी आपणहून उचललं.

बाष्पीभवनाचा हिशेब मजेचा आहे. पाणी उडतं, मीठ उडत नाही. म्हणजे रोज जेवढं उडेल तेवढं गोडं पाणी भरायचं, खारं नाही, नाहीतर समुद्राचा मृत समुद्र होतो. पाऊस आणि नद्या करतात ते हेच. आणि उन्हाळा? बडोद्याचा पारा मे महिन्यात बेचाळिसाच्या वर जातो आणि प्रवाळाला लागतं पंचवीस-सव्वीस. म्हणून चिलर. चिलर पाणी थंड करतो आणि काढलेली उष्णता खोलीत सोडतो. खोली तापते. मग माणसांसाठी एसी. मे महिन्याचं विजेचं बिल आलं तेव्हा हिने ते टँकच्या काचेला बाहेरून चिकटवून ठेवलं, माशांनाही कळावं म्हणून.

पण मासे होते कुठे? हीच तर खरी परीक्षा. पाणी भरलं, मीठ मिसळलं, दगड रचले, दिवे लागले, लाटा सुरू झाल्या आणि पुढचे कित्येक आठवडे आत कोणीही नव्हतं. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया निघतो आणि तो माशांना विष. अमोनियाचं नायट्राइट करणारे एक जिवाणू आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे दुसरे, या दोघांची वस्ती दगडांवर वसेपर्यंत मासा आत सोडायचा नाही. आम्हा रेल्वेवाल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. नवा रूळ टाकला की त्यावरून लगेच गाडी शंभरने पळवत नाहीत. खडी बसेपर्यंत वीसची मर्यादा लावतात. पण पाहुण्यांना काय सांगणार? आमचा टँक बघायला दांडिया बाजारातून, मांजलपुरातून मंडळी येत. सेव-उसळ खाऊन झाली की सगळे खुर्च्या वळवून रिकाम्या पाण्याकडे पाहत बसत.

“पाणी छान आहे हो,” एक मामी म्हणाल्या.

मी कोपऱ्यात बसून परीक्षानळीत थेंब टाकी आणि रंग पाही. अमोनिया हिरवा निघाला की चेहरा पाडायचा, पिवळा निघाला की खुलायचा. आईला वाटलं, मला मधुमेह झालाय आणि मी घरच्यांपासून लपवतोय.

दगडांचीही एक कथा आहे. परदेशातले शौकीन खऱ्या समुद्रातले, जिवांनी भरलेले दगड आणतात. जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ साली जिवंत दगड आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर प्रवाळ जगवण्याची रीत लिहून प्रसिद्ध केली आणि पुढे जगभर या छंदाचं बस्तान बसलं. आपल्याकडे दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे कायद्याच्या लेखी तो वाघाच्या पंक्तीला बसतो. समुद्रघोडाही तिथेच. मला हा कायदा आवडतो. मालवणच्या किनाऱ्याजवळचे प्रवाळ, त्याहून दूर समुद्रात, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखली जाणारी आंग्रिया बँक, ही सगळी माझ्या दिवाणखान्याच्या हौसेपेक्षा जुनी माणसं आहेत. तेव्हा आमचे दगड सिमेंट-सिरॅमिकचे, कारखान्यात केलेले. आणि त्यांवर वाढतात ते मऊ जातीचे जीव: छत्रीसारखे, चामड्यासारखे, बटणांच्या झुबक्यासारखे, बिलासकट विकत आणलेले. जाणकार पाहुणा येतो तो जरा नाराज होतो. असे पाहुणे बडोद्यात फार नाहीत.

मासे आले ते मोजकेच. केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेले विदूषक मासे आता आपल्याकडे उबवणीकेंद्रांत तयार होतात; केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मंडपम केंद्राने त्याचं तंत्र बसवलं. आमची जोडी तशीच, समुद्र न पाहिलेली. या माशांत जन्माला येतात ते सगळे नरच. त्यांतला सर्वांत मोठा आणि दांडगा असतो तो मादी होतो आणि घर चालवतो. ती गेली की नवरा तिची जागा घेतो. हिने हे शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग तुम्ही काय ठरवलंय?”

मला स्वतःला आवडतो तो गोबी आणि त्याचा झिंगा. झिंगा जवळजवळ आंधळा, पण खोदकामात पटाईत. तो दिवसभर वाळू उपसून बीळ नीट ठेवतो आणि गोबी दाराशी बसून पहारा करतो. काम करताना झिंग्याची एक मिशी सतत गोबीच्या अंगावर टेकलेली असते. गोबीने शेपूट थरथरवली की झिंगा आत. एकाला दिसत नाही, दुसऱ्याला खोदता येत नाही. आई तासन्‌तास त्यांच्यासमोर खुर्ची टाकून बसते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला ती नको म्हणत होती. बहुधा तिला या व्यवस्थेवर जास्त भरवसा असावा.

२०२४च्या ऑगस्टात विश्वामित्रीला पूर आला. शहरात ठिकठिकाणी मगरी निघाल्या आणि वीज गेली. बाहेर गोड्या पाण्याचा प्रलय आणि आत खाऱ्या पाण्याचा जीव गुदमरलेला. लाटा थांबल्या की पाण्यात प्राणवायू मिसळणं थांबतं. सेलवर चालणारा हवेचा पंप होता, पण एवढ्या पाण्याला तो काय पुरणार? मी आणि ही आळीपाळीने तांब्याने पाणी उचलून वरून ओतत राहिलो. आईने मेणबत्तीच्या उजेडात जप चालू ठेवला आणि मधेच म्हणाली, “स्तंभेश्वराला समुद्र स्वतः येऊन अभिषेक करतो. इथे तुम्ही समुद्रालाच करताय.” सगळे वाचले. तांब्याला आतून पांढरा थर बसला तो बसला.

शेजारचे मोटाभाई जैन आहेत. टँक आल्यापासून त्यांना एकच प्रश्न होता: “आ लोको शुं खाय छे?” खोटं बोलून उपयोग नव्हता. गोळ्यांत माशांची भुकटी असते आणि गोठवलेल्या पाकिटात बारीक कोळंबी. “एटले माछलीने माछली?” म्हणून ते बराच वेळ गप्प राहिले. पण रोज संध्याकाळी बघायला येत. गेल्या हिवाळ्यात पुण्याला लग्नाला जायचं होतं. पाण्याची पातळी कोण बघणार? मोटाभाईंनी अट घातली की पाणी घालतील, क्षारता तपासतील, खाणं घालणार नाहीत. ठीक. खाणं टाकणारं यंत्र मी आणलं आणि त्याचं बटण दाबूनच रिक्षात बसलो, कारण तेवढंही पाप त्यांच्या माथी नको होतं.

मोटाभाईंचे संदेश वेळच्या वेळी येत. “१.०२६. बराबर छे ने?” मी अंगठा दाखवी. नेमका सीमांतपूजनाच्या गडबडीत फोन वाजला. “दुःखद समाचार. सफाईवाळो झिंगो ऑफ थई गयो.” सोबत फोटो: वाळूवर आडवा पडलेला, मिशांपासून पायांपर्यंत शाबूत, पण काचेसारखा आरपार. मी पंगतीतून बाजूला होऊन त्यांना समजावलं की झिंगा वाढला की जुनं कवच जसंच्या तसं टाकून देतो, तो मागच्या दगडाच्या कपारीत लपून बसला असेल, नवं अंग कडक होईपर्यंत बाहेर येणार नाही.

थोड्या वेळाने दुसरा फोटो आला. कपारीत दोन पांढऱ्या मिशा. खाली मोटाभाईंनी लिहिलं होतं, “जीवतो छे. पण हवे शुं करवुं? में तो एना नामना नवकार पण गणी लीधा.”