चार दिवसांसाठी

बडनेऱ्याच्या नव्या वस्तीत अलीकडे दोनच तऱ्हेची घरं उरली आहेत. एक, ज्यांची मुलं पुण्याला आहेत. दुसरी, ज्यांचे आईबापही पुण्याला आहेत. पहिल्या घरात रोज संध्याकाळी मोबाइलच्या पडद्यावर नातू दाखवला जातो. दुसऱ्या घराला कुलूप असतं आणि किल्ली शेजाऱ्याकडे असते. मी शेजारी आहे.

आमचे काकाजी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात बाबू होते. संत्र्याच्या पेट्या, सायकली, लग्नाची कपाटं असा सगळा माल त्यांनी आयुष्यभर हावड्यापासून मुंबईपर्यंत पाठवला. स्वतः मात्र कधी भुसावळच्या पुढे गेले नाहीत, आणि भुसावळलाही डिव्हिजनचं काम निघालं तरच. रिटायर झाल्यावर नातवाच्या बारशाला म्हणून ते आणि काकू पुण्याला गेले. पोरगा खराडीच्या एका कंपनीत, फ्लॅट वाघोलीला. निघताना माझ्या हातावर किल्ली ठेवत म्हणाले, "बाबू, चार दिवसासाठी चाल्लो. येतोच."

तो नातू आता तिसरीत आहे.

पण काकाजी वाघोलीला 'राहायला' गेले असं म्हणायची सोय नाही. एकदा बोलता बोलता मी ते म्हणालो, तर फोनवरच तापले. "कोन राह्यते इथी? मी का इथी जलम काढाले आलो? चार दिवस पोराकडे आलो, चाल्ला जाईन." पुरावेही त्यांच्याच बाजूने आहेत. आधार कार्ड बडनेऱ्याचं, गॅस बडनेऱ्याचा, पेन्शनचं खातं बडनेऱ्याचं. एवढंच काय, पेपरसुद्धा बंद केलेला नाही. चार दिवसांसाठी पेपर काऊन बंद करा? म्हणून अमरावतीचा 'हिंदुस्थान' रोज सकाळी कुलूपबंद घराच्या फाटकातून आत पडतो आणि मी तो उचलून आणतो. फुकट वाचायला मिळतो, पण त्याचं भाडं भरावं लागतं. साडेआठला फोन येतो, "हं, वाच. कोन गेलं?" मग मी त्यांना निधनवार्ता वाचून दाखवतो. ओळखीचं नाव निघालं की पलीकडे थोडा वेळ शांत, मग माणसाचा पूर्ण इतिहास, शेवटी "चांगला होता बिचारा, पन डॅमेज माल सोडवाले कधी सही करत नव्हता." कोणी ओळखीचं निघालं नाही तर मात्र जरा हिरमुसतात.

त्यानंतर ड्यूटीची यादी. नळ आले काय? मोटर एक डाव चालू करून पाह्य, जाम होते. कढीपत्त्याला पाणी टाकलं काय? संध्याकाळी पुढच्या खोलीचा दिवा लावत जाय, घरात माणूस हाय असं दिसलं पाह्यजे. मी दिवा लावतो. गल्लीतल्या सगळ्यांना माहीत आहे की घरात माणूस नाही आणि दिवा मी लावतो. चोराला माहीत नसेल तर तो बडनेऱ्याचा नव्हे.

१९८३ साली आमच्या गावात दोन गोष्टी झाल्या. बडनेरा नगरपालिका अमरावती महापालिकेत विलीन झाली आणि गावात इंजिनिअरिंग कॉलेज निघालं. पहिल्या गोष्टीचा फायदा अजून दिसायचा आहे. दुसरीमुळे पोरं शिकली आणि पुण्याला गेली. काकाजींचा पोरगा त्याच कॉलेजचा. आणि पहिलीमुळे, ३० जून २०२१ ला वाघोली पुणे महापालिकेत गेली आणि सोसायटीत पेढे वाटले गेले, तेव्हा पेढा हातात धरून काकाजी एकटेच गप्प होते. लातूरच्या एका शेजाऱ्याने विचारलं, "काका, आता रस्ते होणार, नळाचं पाणी येणार, खूश नाही का?" काकाजी म्हणाले, "आमाले याचा अनुभव हाय भाऊ. आमी त्र्याऐंशीपासून लाइनीत हाओत. तुमी मांगून आले, मांगंच उभे राह्या."

वाघोलीच्या त्या इमारतीत काकाजींचा जम बसला तो कूलरमुळे. वऱ्हाडातला कूलर म्हणजे दुकानातला प्लास्टिकचा डबा नव्हे. लोखंडी पत्र्याचा, अमरावतीला ठोकून घेतलेला, तीन बाजूंना गवताच्या ताट्या, खाली बादल्याच बादल्या पाणी मावेल अशी टाकी. पारा पंचेचाळीसकडे निघाला की वऱ्हाडात माणसं देवाआधी त्याला पाणी घालतात. पहिल्याच उन्हाळ्यात काकाजी तो न्यायला आले. चार दिवसांसाठी कूलर कशाला, असं विचारायची माझी छाती झाली नाही. जन्मभर खिडकीच्या आत बसलेला माणूस त्या दिवशी खिडकीच्या बाहेर उभा राहिला, स्वतःच्या पार्सलची पावती फाडून घेतली, आणि पत्र्यावर काळ्या रंगाने स्वतःच्या हाताने लिहिलं: बीडी ते पुणे. बीडी म्हणजे बडनेरा. रेल्वेच्या माणसाला गावाची दोनच अक्षरं लागतात. आता वाघोलीच्या स्वयंपाकघरात डाळीच्या डब्यापासून लोणच्याच्या बरणीपर्यंत सगळ्यावर 'बीडी' लिहिलेलं आहे. मोलकरणीला वाटतं, तो कुठलातरी मोठा ब्रँड आहे.

कूलर लिफ्टमध्ये बसला नाही. चौघांनी जिन्याने सहाव्या मजल्यावर चढवला आणि काकाजींनी तो गॅलरीत लावला. रात्री त्याची अशी घरघर सुरू झाली की पाचव्या मजल्याला बोअर मारतायत असं वाटलं. पुण्याची हवा ती, रात्री गार होणारी. काकू कूलरसमोर गोधडी घेऊन झोपायच्या, पण बंद करू देत नसत. आवाजाशिवाय त्यांना झोप लागत नाही. कमिटीची नोटीस आली, गॅलरीत अवजड वस्तू ठेवू नयेत. काकाजींनी नोटिशीच्या मागेच उत्तर लिहिलं की सदर वस्तू तात्पुरती आहे. मग एका मे महिन्यात उन्हाने जोर धरला. सेक्रेटरींच्या आईला घाबरल्यासारखं झालं, आणि त्यांना काकाजींच्या कूलरपुढे आणून बसवलं. म्हातारी दुपारभर तिथे ढाराढूर झोपली. पुढच्या वर्षी त्या इमारतीत तीन कूलर होते आणि नोटीस कुठे गेली कोणाला ठाऊक नाही.

पण कूलर पाणी पितो, आणि वाघोलीत पाणी टँकरने येतं. इथे काकाजींच्या नोकरीचा दुसरा भाग सुरू झाला. त्यांनी एक रजिस्टर घातलं. टँकर किती वाजता आला, गाडीचा नंबर, भरलेला की खाली. मी एकदा लग्नाला पुण्याला गेलो तेव्हा हा कार्यक्रम डोळ्याने पाहिला. टँकर गेटमधून आत आला. काकाजी बनियन आणि लुंगीवर, कानाला बॉलपेन, हातात सुकी वेळूची काडी. शिडीने वर चढले, झाकण उघडलं, काडी तळापर्यंत सोडली, वर काढली, आणि ओल कुठपर्यंत आली ते बोटाने धरून ड्रायव्हरला दाखवलं. "चार बोटं कमी हाय. शॉर्ट लिहू की परत नेतं?" ड्रायव्हर हिंदीत काहीतरी बोलला. काकाजी त्याच्याहून वाईट हिंदीत बोलले. शेवटी ड्रायव्हरने सही केली. वीस वर्षांच्या तरुण चौकीदारापासून कंपनीत प्रेझेंटेशन देणाऱ्या बाईपर्यंत सगळे आपापल्या बादल्या विसरून बघत होते. बिल कमी झालं की नाही मला माहीत नाही, पण त्या दिवसापासून इमारतीत त्यांचं नाव 'जंक्शनकाका' पडलं.

नाव बरोबर बसतं, कारण बडनेऱ्याहून पुण्याला निघालेलं कोणतंही पोट्टं आधी त्यांच्याकडे उतरतं. रात्रीची ट्रॅव्हल्स सकाळी केसनंद फाट्यावर थांबते. काकाजी आधीच तिथे उभे, मॉर्निंग वॉकच्या नावाखाली. पोरगा उतरला की पहिला प्रश्न "जेवला काय?", दुसरा "कोनाचा?" खोली कुठे, मेस कुठली, डिपॉझिट किती द्यायचं, सगळं तेच ठरवतात. घरमालकाला सांगतात, "पोरगा आपला हाय, माही गॅरंटी." घरमालक विचारतो, तुम्ही कुठे राहता? "मी? मी बडनेऱ्याले राह्यतो. इथी चार दिवसासाठी आलो." आणि तरी खोली मिळते, हे मात्र खरं.

निवडणुकीची गंमत वेगळीच. २६ एप्रिल २०२४ ला अमरावतीचं मतदान होतं. आरक्षण न मिळताही काकाजी महाराष्ट्र एक्सप्रेसने आले. दौंड, मनमाड, भुसावळ, अकोला करत ती गाडी बडनेऱ्याला पोचेपर्यंत माणूस मत कोणाला द्यायचं ते दोनदा बदलू शकतो. भर उन्हात रांगेत उभे राहिले, शाई लावून घेतली, मला म्हणाले, "हे बोट पाह्य, बडनेऱ्याचा मानूस हाय मी." पुण्याकडचं मतदान १३ मे ला. त्या दिवशी ज्यांचं तिथे नाव नाही असे हे गृहस्थ सकाळी सातपासून गेटवर टेबल टाकून यादीतून नावं शोधून चिठ्ठ्या देत बसले होते. कोणी झोपला असेल तर इंटरकॉमवरून उठवलं.

आणि रोडगे. पौष लागला, बहिरमची यात्रा भरली की वऱ्हाडी माणसाच्या नाकात गोवरीचा धूर जातो, तो कुठेही असो. काकाजींनी सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत रोडगे घालायचे ठरवले. गोवऱ्या मोबाइलवरून मागवल्या. त्या प्लास्टिकच्या पाकिटात, प्रत्येकी कागदात गुंडाळून आल्या, काकाजी त्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "आमच्या गावात लोकायले मिठाई अशी भेटत नाई." मग काकूंनी जाड कणकेच्या पाऱ्या एकात एक बसवून गोळे केले, आरात लोटले, भाजल्यावर राख झटकून फोडले, वरून तूप. सोबत आलू-वांग्याची भाजी आणि घट्ट वरण. धुराने चौथ्या मजल्यावरचा गजर वाजला, सातारचे, लातूरचे, बिहारचे सगळे जिन्याने खाली धावले, आणि खाली आलेच आहेत तर जेवायला बसले. तेव्हापासून दरवर्षी होतं. यंदा गोवऱ्यांसाठी वर्गणी काढली आणि पावतीबुक छापलं. संयोजक म्हणून काकाजींचं नाव टाकलं, तर त्यांनी खोडून घेतलं. पुढच्या वर्षी ते तिथे नसणार आहेत म्हणे.

मागच्या दिवाळीत ते घरी आले. बॅग उघडली नाही, पलंगाखाली सारली. दोन दिवस घर झाडलं, मोटर तपासली, मी पाणी कमी टाकतो असं कढीपत्त्याकडे पाहून म्हणाले. तिसऱ्या दिवशी दुपारी फाटकाशी कुरिअरवाला पोरगा आला. नवा होता. काकाजी ओट्यावर बसलेले पाहून म्हणाला, "काकाजी, इथले लोक पुन्याले राह्यतात, पाकीट शेजारी देऊ काय?"

काकाजींचा चेहरा लाल झाला. "कोनं सांगतलं तुले? मीच हाओ तो. हे घर माहं हाय."

पोराने पाकिटावरचं नाव पाहिलं, काकाजींकडे पाहिलं, विश्वास बसला नाही. आधार कार्ड दाखवतो म्हणून काकाजी उठले, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. वाघोलीचे सेक्रेटरी. टँकरवाला सही करायला तयार नव्हता आणि काडी कोणाला सापडत नव्हती. "शू रॅकच्या मांगं हाय! आन् त्याले आत सोडू नका, गेट लावून घ्या!" काकाजी ओट्यावर येरझारा घालत ओरडू लागले. पोरगा पेन आणि पाकीट घेऊन ताटकळत उभा. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "काकाजी, सही कोनाची घेऊ?"

काकाजींनी फोनवर हात ठेवला आणि मानेने माझ्याकडे दाखवलं.

"त्याची घे. किल्ली त्याच्यापाशीच असते."